काटा कुठल्या झाडाचा

दुपारी चालताना चपलेखाली काहीतरी टकटक वाजत होतं. उलटी करून पाहिली तर सराटा, रबरात घर करून बसलेला. तो उपटत असतानाच मोबाइलवर एक फोटो आला. पाठवणारी शाळेतली मैत्रीण, मूळची रेवदंड्याकडची बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू. घरच्यांबरोबर इस्रायलमध्ये अश्दोदला गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. शेताच्या कडेला कमरेएवढं काटेरी झुडूप, पानांवर पांढऱ्या शिरांची नक्षी, जांभळं फूल आणि त्याच्याभोवती भाल्यांचा पहारा. खाली लिहिलेलं : ‘याला आम्ही बरकान म्हणतो. गिदोनवाला.’

गिदोन हा इस्राएली लोकांचा सेनानी, त्याची गोष्ट बायबलमधल्या शास्ते या पुस्तकातली. सुक्कोथ गावच्या वडीलधाऱ्यांनी त्याच्या दमलेल्या माणसांना भाकरी नाकारली, तर हा म्हणाला, परत येऊ द्या मला, रानातल्या काट्यांनी आणि ‘बरकानीम’नी तुमचं अंग मळून काढतो. आला आणि त्याने तसं केलंही. (भाकरी नाकारण्याची ही शिक्षा जरा जास्तच, पण ते असो.) आता हे बरकानीम म्हणजे नेमकं काय? कोणी म्हणतं हेच जांभळं झुडूप, कोणी म्हणतं ती झाडं नव्हेतच, मळणीचं अवजार. आजच्या हिब्रूने मात्र नाव या झुडपाला देऊन टाकलं आणि वाद वनस्पतिशास्त्रज्ञांकडे सोपवला. जुन्या हिब्रूत काटेरी झाडांना विसाच्या आसपास शब्द आहेत म्हणे. कोत्स, दारदार, होआख... कुठला शब्द कुठल्या झाडाचा, यावर अजून एकमत नाही.

मला याचं नवल वाटलं नाही. आमच्या माळावर तरी काय कमी नावं होती? सराटा, रिंगणी, उत्कटारी, कुसळ, बाभूळ, बोर, हिवर. बोरीचा काटा वाकडा, तो सदऱ्याला धरतो. बाभळीचा सरळ, तो पायात मोडतो. काटा ‘टोचला’ आणि काटा ‘मोडला’ यांतला फरक अनवाणी चाललेल्यालाच कळतो. मोडला की आजीसमोर पाय पसरून बसायचं. ती टाचेवर थुंकी लावून मळ पुसायची, चष्मा कपाळावर चढवायची (जवळचं तिला चष्म्याशिवायच दिसायचं) आणि सुईने उकरायला लागायची. नाहीच निघाला तर रुईचा चीक लावून सोडून द्यायची. ‘येईल वर आपोआप.’ आणि उकरता उकरता पहिला प्रश्न ठरलेला : ‘कशाचा होता?’ जणू झाड कळलं की काटा ओळख दाखवून बाहेर येणार होता.

आदामाला बागेतून काढलं तेव्हा जमीन तुला काटेकुसळं देईल असं बजावलं होतं. तिथे मूळ हिब्रूत कोत्स आणि दारदार. जुन्या ग्रीक भाषांतरात दारदारच्या जागी आलाय ‘त्रिबोलोस’, तीन टोकांचा. आणि हेच नाव पुढे झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने कोणाला चिकटवलं? माझ्या चपलेतल्या या सराट्याला! ट्रिब्युलस. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्या गेल्या 1922 साली आणि ते छापून पुरं झालं 1924 साली. दारदारपाशी आल्यावर केडगावच्या उन्हात मान वर करून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं असेल का? बाहेर नक्कीच काहीतरी काटेरी उभं असणार.

मैत्रिणीला हे सगळं लिहून पाठवलं. तिचं उत्तर : ‘कोवळा दांडा सोलून खातात इथे. छान लागतो.’ झालं.

माझ्या डाव्या टाचेत अजून एक जागा आहे, थंडीत दुखते. आजी म्हणाली होती, येईल वर. कशाचा होता, ते आता मलाही आठवत नाही.