पावसातला बायस: नव्या पन्नासवाल्याचं कोडं सुटलं

काल रात्री साडेअकराला नव्या पन्नासवाल्याच्या, म्हणजे ५० वॅटच्या गिटार अ‍ॅम्पच्या, उजव्या व्हॉल्व्हवर (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर) मीटर लावला. बाहेर कौलांवर पाऊस नुसता कोसळत होता. आकडा ३७ मिलिअ‍ॅम्प. हा बायस, म्हणजे काही वाजत नसताना व्हॉल्व्हमधून वाहणारा करंट. आज सकाळी सहाला, चहाच्याही आधी, थंड अ‍ॅम्प चालू करून परत लावला. ३७. सलग नववा दिवस. आता लिहायला हरकत नाही.

मागच्या अपडेटमध्ये मी ठासून लिहिलं होतं की जुन्या मार्शल जेएमपीपुढे नवा पीसीबीवाला (छापील सर्किट बोर्डवाला) किरकिरा वाजतो, नोट विझताना भुसा उडाल्यासारखा आवाज येतो, आणि आता तो विकून टाकायचा. ते विधान मागे घेतो. सगळं नाही, पण अर्ध्याहून जास्त.

जोडी तीच आहे: १९७२ चा जेएमपी ५० (मॉडेल नंबर १९८७, पण ते साल नव्हे) आणि तीन वर्षांपूर्वी घेतलेला दोन चॅनलचा नवा. दोन्हीत ईएल३४ या पॉवर व्हॉल्व्हची जोडी, दोन्ही एकाच २×१२ कॅबवर (बारा इंची दोन स्पीकरच्या खोक्यावर), आत ग्रीनबॅक स्पीकर.

दुखणं असं होतं. पावसाळा लागला आणि नव्याचा उजवा व्हॉल्व्ह एका जागी राहीना. संध्याकाळी अ‍ॅम्प चालू केला, दहा मिनिटं थांबलो, दोन्ही बाजू ३६ मिलिअ‍ॅम्पवर आणल्या. प्लेटला (व्हॉल्व्हमधल्या करंट ओढणाऱ्या पत्र्याला) ४६० व्होल्ट, ईएल३४ ची मर्यादा २५ वॅट, तिच्या ७० टक्के म्हणजे १७.५ वॅट, म्हणजे ३८ च्या आतबाहेर. सगळं नियमात. दोन तास वाजवून परत मोजलं तर डावा ३५, उजवा १६! परत ३६ वर आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केला तर उजवा ५८ वर, प्लेटच्या कडेला लालसर झाक, आणि स्पीकरमध्ये हमिंग. तासाभरात तोच हळूहळू खाली उतरायला लागला.

पहिला संशय व्हॉल्व्हवर गेला. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे केला. दुखणं उजव्या सॉकेटमध्येच राहिलं. जेएमपीमधली जोडी काढून नव्यात घातली, तरी तेच. मग कपलिंग कपॅसिटर, आधीच्या टप्प्याचा डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा. फेज इन्व्हर्टरकडून (दोन पॉवर व्हॉल्व्हना उलटसुलट सिग्नल देणाऱ्या टप्प्याकडून) येणारा ०.०२२ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर गळत असेल तर ग्रिडवर, म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट आवरणाऱ्या जाळीवर, पॉझिटिव्ह डीसी चढतो, हे आपल्या मंडळींना पाठ आहे. त्याचं एक टोक उचललं, काही फरक नाही. ग्रिडला उणे व्होल्टेज देणारा बायस सप्लाय मोजला. थंड असो की गरम, उणे ४०.३ वर खिळा ठोकल्यासारखा स्थिर. पण पाच नंबरच्या पिनवर, म्हणजे प्रत्यक्ष ग्रिडवर, सकाळी उणे ३७ आणि दोन तासांनी उणे ४०. (मीटरच्या १० मेगोहममुळे जवळपास एक व्होल्ट कमी दिसतो. तो धरून हे आकडे आहेत.)

इथे मी गिटार खाली ठेवली आणि वही घेतली. सप्लाय आणि ग्रिड यांच्यामध्ये २२० किलोओहम. त्यात ३.३ व्होल्ट पडतात, म्हणजे कुठून तरी १५ मायक्रोअ‍ॅम्प ग्रिडमध्ये शिरतोय. ईएल३४ च्या सॉकेटमध्ये पाच नंबरच्या शेजारी कोण? चार नंबर, स्क्रीन (व्हॉल्व्हमधली दुसरी जाळी), ४५५ व्होल्टवर. ४५५ अधिक ३७, भागिले १५ मायक्रोअ‍ॅम्प. उत्तर ३३ मेगोहम. म्हणजे त्या दोन पिनांच्या मध्ये कुणीतरी ३३ मेगोहमचा रेझिस्टर लावल्यासारखी गळती होती, आणि ती ओल्या हवेत वाढत होती, अ‍ॅम्प तापला की सुकत होती.

साध्या मल्टीमीटरला हे दिसत नाही. २० मेगोहमच्या पुढे तो हात वर करतो. वेंगुर्ल्याच्या बंदरावर होड्यांच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनची गळती मोजायचं यंत्र) आणला. कपॅसिटर रिकामे केले, व्हॉल्व्ह उपसले, दोन्ही पिनांच्या वायरी बोर्डापासून सोडवल्या, सकाळच्या ओल्या हवेत मेगरचं बटण दाबलं. काटा ३० आणि ३५ मेगोहमच्या मध्ये. वहीतला आकडा काट्यावर उतरलेला बघून मी ओरडलोच, आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

कारण कळलं, आता इलाज. इथे पंधरा दिवस गेले.

आपल्यातले बहुतेक जण जे करतात तेच केलं: ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, टूथब्रश, सॉकेटच्या खालची बाजू घासघासून. फ्लक्सचा पिवळा थर निघाला, बोर्ड आरशासारखा. मेगर थेट २०० च्या पलीकडे. जिंकलो असं समजून दोन दिवस मनसोक्त वाजवलं. तिसऱ्या दिवशी पावसाची मोठी सर आली, खिडकी उघडी होती, आणि काटा परत ४० वर. पुन्हा अल्कोहोल, पुन्हा २०० च्या पलीकडे, पुन्हा तीन दिवसांनी तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी खरोखर अ‍ॅम्प बॉक्समध्ये भरला होता.

सावंतवाडीला एक काका आहेत, व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला. त्यांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, घर समुद्रापासून किती लांब? म्हटलं, चालत पाच मिनिटं. म्हणाले, "आधी पाण्यान धुवन काढ, मगे काय ता बोल."

पाण्याने! पीसीबी! पण फोन ठेवल्यावर लख्ख उजेड पडला. मीठ पाण्यात विरघळतं, अल्कोहोलमध्ये जवळपास नाहीच. मी तीन वेळा फ्लक्स धुतला आणि मीठ जागेवरच पसरवलं. वर हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, आणि आमच्याकडे जुलैत हवा त्याच्या खाली येतच नाही. अल्कोहोलनंतर जो चांगला आकडा दिसायचा तो बोर्ड सुकल्याचा होता, स्वच्छ झाल्याचा नव्हता.

मीठ आलं कुठून तेही सांगतो. एप्रिल-मेमध्ये अ‍ॅम्प तापतो म्हणून मी मागे टेबलफॅन लावायचो, आणि त्या फॅनच्या पाठीमागे पश्चिमेची खिडकी. दोन उन्हाळे खारा वारा थेट सॉकेटवर.

मग बोर्ड पूर्ण सोडवला. पॉट आणि ट्रान्सफॉर्मर बाजूला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कोमट करून, मऊ ब्रशने तीन पाणी. शेवटी अल्कोहोलचा एक हात, पण या वेळी पाणी हाकलण्यासाठी. नंतर दोन दिवस लाकडी कपाटात ६० वॅटच्या बल्बखाली. जोडल्यावर मेगर २०० च्या पलीकडे आणि त्या दिवसापासून तिथेच. उजवा व्हॉल्व्ह ३७, डावा ३६.

जेएमपीला याच खोलीत, याच हवेत काही होत नाही, त्याचं कारण आता डोळ्यांनी दिसलं. त्याची सॉकेटं चासीला स्क्रूने बसवलेली, पिनांपासून निघालेल्या वायरी हवेत. दोन पिनांच्या मध्ये मीठ बसायला सपाट बोर्डच नाही. नव्यात सॉकेट थेट पीसीबीवर सोल्डर केलेलं, चार आणि पाच नंबरच्या पॅडमध्ये जेमतेम काही मिलिमीटर. हाताने वायरिंग केलेल्या अ‍ॅम्पचं लोक आवाजासाठी कौतुक करतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ते या सॉकेटसाठी करावं.

आता आवाजाकडे. मी जूनमध्ये जी तुलना केली, ती उजवा व्हॉल्व्ह १६ वर असताना केली होती. पुश-पुलमध्ये एक व्हॉल्व्ह लाटेची एक बाजू ओढतो, दुसरा दुसरी. एक जण थंड पडला की हात बदलताना लाट अडखळते. मोठ्या आवाजात ते झाकलं जातं, नोट विझताना उघडं पडतं. माझा भुसा तो हाच. त्यात आमच्याकडे संध्याकाळी प्लगवर २०५ व्होल्ट. २४० वर लावलेल्या जेएमपीचे हीटर (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा) ६.३ व्होल्टऐवजी ५.४ वर आणि प्लेटही खाली, म्हणजे गिटारवादक एडी व्हॅन हॅलेनने व्हेरिअ‍ॅकने (लायनीचं व्होल्टेज कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) मुद्दाम केलं ते आमच्या लायनीने आपोआप केलेलं. एक अ‍ॅम्प मऊ, दुसरा आजारी, आणि मी निकाल देतोय जुनं की नवं!

रविवारी परत मांडलं. डिमरस्टॅट (आपल्याकडचा व्हेरिअ‍ॅकच) लावून दोघांचे हीटर ६.३ वर. तीच हंबकर पिकअपची गिटार, मोबाइलवर डेसिबल जुळवले, स्टँडबायवर टाकूनच स्पीकरची केबल बदलायची. भाच्याला अ‍ॅम्पपाशी बसवलं, मी पाठ करून. कोणता अ‍ॅम्प वाजतोय ते जूनमध्ये दहापैकी दहा वेळा ओळखलं होतं. या वेळी सहा.

ते सहा कुठे ओळखले ते महत्त्वाचं. गिटारचा व्हॉल्यूम ४ वर आणला की जेएमपी स्वच्छ होतो, तरी अंगाने भरलेला राहतो. नवा तिथे बारीक होतो. जेएमपीत मास्टर (शेवटचा आवाज वेगळा कमी करायचं बटण) नाही, त्यामुळे व्हॉल्यूम ७ वर गेल्यावर फेज इन्व्हर्टर आणि ईएल३४ स्वतः फुटतात, बोटांच्या जोराला उत्तर देतात. मार्शलने १९७५ मध्ये २२०३ या मॉडेलला मास्टर व्हॉल्यूम दिला आणि फुटण्याची जागा प्रीअ‍ॅम्पकडे (पॉवर व्हॉल्व्हच्या आधीच्या टप्प्यांकडे) सरकली. नवा त्याच घराण्यातला, आणखी जास्त गेन स्टेजचा. उलट पाम म्यूटला (तळहाताने तारा दाबून वाजवताना) नवा सरळ सरस. खालच्या ई वर जेएमपी फुगतो, नवा मूठ आवळल्यासारखा येतो. आणि रात्री दहानंतर, शेजारी झोपल्यावर, मास्टर २ वर ठेवून रॉकचा टोन देणारा माझ्याकडे तो एकटाच. विकण्याचा विचार रद्द.

पुढचं काम म्हणून बोर्डावर लॅकरचा थर द्यायचा असं ठरवलं होतं, डबाही आणून ठेवलाय. पण वर सॉकेटबद्दल लिहिताना वाटलं, कुठे मीठ राहिलं असेल तर ते थराखाली कायमचं कोंडायचं. त्यापेक्षा सॉकेटंच बोर्डावरून उचलून चासीवर घ्यावीत आणि २२० किलोओहमचे दोन्ही रेझिस्टर सॉकेटपाशी हवेत लावावेत. चासीत जागा आहे, आत्ता पट्टी लावून बघितली. सिरॅमिक सॉकेट मुंबईला लॅमिंग्टन रोडला हातात घेऊन, पिनांची पकड बघूनच घेणार. मागच्या वेळी ऑनलाइन मागवलेल्या चारपैकी दोन ढिली निघाली होती, आणि त्या विक्रेत्याने फोन उचलला नाही.

आणखी एक डोक्यात आलं म्हणून लिहिणं अर्धवट टाकून उठलो. जेएमपीचा बायस मुद्दाम १६ वर नेला. त्यात एकच पॉट असल्याने दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उतरतात, तेव्हा तंतोतंत तीच स्थिती नव्हे. तरी ए चा कॉर्ड मारून सोडून दिला, आणि शेवटच्या दोन सेकंदांत तोच भुसा. १९७२ च्या अ‍ॅम्पमधून, ज्याला मी दोन महिने मखमल म्हणत होतो. रेकॉर्ड करून ठेवलं आहे, ३६ आणि १६ शेजारी शेजारी.

परत ३६ वर आणलाय. मेगर उद्या बंदरावर परत द्यायचाय, त्याआधी सकाळी एकदा जेएमपीच्या चार-पाच पिनाही मोजून घेतो. कपाटातला बल्ब चालूच आहे.