तुम्ही विचारलंत म्हणून: पहिला कट कोणाचा?

चित्रपटाच्या संकलनावर, म्हणजे शॉट कापून जोडण्यावर, बोलायला कुठेही गेलो की शेवटी कोणीतरी विचारतंच, "सर, दोन ठिकाणच्या घटना आलटून पालटून दाखवायचं पहिल्यांदा कोणाला सुचलं?" पूर्वी मी एका दमात सांगून मोकळा व्हायचो: एडविन पोर्टर, 1903, एडिसन कंपनी. ते उत्तर चूक होतं. ज्यांना मी तसं सांगितलं त्यांचं देणं लागतो, म्हणून आज नीट लिहितो.

अमेरिकन दिग्दर्शक पोर्टरचा 'लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन' हा सहा-एक मिनिटांचा मूकपट. शेवटी घराला आग लागते, वरच्या खोलीत आई आणि मूल अडकतात. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातल्या प्रतीत ही सुटका आजच्यासारखी गुंफलेली होती. आत धूर, बाहेर शिडी. आत बंबवाला, बाहेर बंबवाला. ती पाहून कित्येक अभ्यासकांनी ठरवून टाकलं की समांतर संकलनाचा, म्हणजे या आलटून पालटून कापण्याचा, जनक हाच.

पण दुसरी एक प्रत होती, कागदाची. तेव्हा अमेरिकेत चित्रपटाला चित्रपट म्हणून स्वामित्वहक्क मिळत नसे, छायाचित्राला मिळे. म्हणून निर्माते अख्खी फिल्म कागदाच्या पट्टीवर छापून लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करत. तिथल्या प्रतीत गुंफण नाहीच. आधी सगळी सुटका खोलीच्या आतून दिसते. बाई खिडकीशी धडपडते, कोसळते, बंबवाला दार फोडून येतो, तिला उचलून खिडकीतून उतरतो, परत येऊन मुलाला नेतो. मग तीच सुटका पहिल्यापासून, रस्त्यावरून. संग्रहालयातली प्रत मागाहून कोणीतरी कापून 'सुधारलेली' होती.

हे कळल्यावर मी दोन्ही शॉट संगणकावर संकलनाच्या टाइमलाइनवर घेतले आणि स्वतः गुंफायला बसलो. हात आपोआप चालला. बाईला घेऊन बंबवाला खिडकीबाहेर पाय टाकतो, कट, बाहेर शिडीवर तोच माणूस. त्या अनाम माणसाच्या हाताला का खाज सुटली असेल ते लगेच समजलं.

मग पोर्टरची मूळ जोडणी पुन्हा लावली, आणि या वेळी शांतपणे पाहिली. आतल्या शॉटमध्ये बंबवाला मुलासाठी परत का येतो ते आपल्याला कळत नाही. बाहेरच्या शॉटमध्ये आई शुद्धीवर येते, त्याच्या विनवण्या करते, आणि मघाचं त्याचं परतणं आता उलगडतं. गुंफलेल्या प्रतीत ही गंमत निघून जाते. आपल्याकडे कीर्तनकार एकच प्रसंग आधी द्रौपदीच्या बाजूनं सांगतो, मग कृष्णाच्या. काळ मागे गेला म्हणून कोणी उठून जात नाही. पोर्टरचा प्रेक्षकही गेला नसणार. पोर्टरला मी कच्चा म्हणणार नाही. वेळ सतत पुढेच सरकली पाहिजे ही सवय आपल्याला नंतर लागली.

ती लागली कशी? मला वाटतं, टेलिफोनचा त्यात मोठा हात आहे. 1908 साली पॅथे कंपनीच्या एका फ्रेंच मूकपटात डॉक्टरला खोट्या निरोपानं दूर पाठवतात आणि घरात चोर शिरतात. बायको फोन करते. 1909 मध्ये अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथनं 'द लोन्ली व्हिला'मध्ये जवळपास तीच गोष्ट सांगितली, पण घाई वाढत गेली तसे कट जवळ जवळ आणले. तारेच्या दोन टोकांना दोन माणसं एकाच क्षणी बोलतायत हे दाखवायचं तर आलटून पालटून कापण्यावाचून सोपा मार्ग नव्हता.

तेव्हा एक नाव मागू नका. फिल्म कापणारे हात पडद्यावर सहसा येतच नाहीत. एकदा मात्र आले. सोव्हिएत दिग्दर्शक झिगा व्हर्टोव्हच्या 1929 सालच्या 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा'मध्ये त्याची संकलक आणि पत्नी एलिझावेता स्विलोव्हा टेबलाशी बसलेली दिसते. मागे फडताळात रिळं, हातात पट्टी. पट्टीवर एका लहान मुलाचा चेहरा, थिजलेला, कडेला भोकांची रांग. आणि मग तोच चेहरा पडदाभर होतो आणि हलायला लागतो.