आयएमएफचं गोत्र

आयएमएफने, म्हणजे अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने, कुठल्या देशाला सबसिडी कापायला सांगितली की आपल्याकडे लगेच 'अमेरिकेचा डाव' सुरू होतं. पुण्यात बीएमसीसी रोडवर, अर्थशास्त्राच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या आसपास चहाला उभं राहिलं की हमखास कानावर येतं. डाव असेलही, मोठे निर्णय अडवण्याइतकी मतं अमेरिकेकडे आहेतच. पण मला त्याहून इंटरेस्टिंग वाटतं ते तिथल्या अर्थतज्ज्ञांचं गोत्र.

2001 पासूनचे तिथले चीफ इकॉनॉमिस्ट बघा. रोगॉफ, आपले रघुराम राजन, सायमन जॉन्सन, ब्लांशार, ऑब्स्टफेल्ड, सगळ्यांची पीएचडी अमेरिकेतल्या एमआयटी या एकाच विद्यापीठाची. 2019 ला गीता गोपीनाथ आल्या, प्रिन्स्टनच्या, म्हटलं चला काहीतरी बदललं, तर त्यांच्या पीएचडीच्या गाइडांमध्ये बर्नांकी (पुढे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झालेले) आणि रोगॉफ, दोघं एमआयटीवाले! आणि 2022 ला त्यांच्या जागी आले गुरिंशा, म्हणजे त्यांचे अजून एक गाइड, तेही एमआयटीचेच. ब्लांशार आणि बर्नांकी हे दोघं एमआयटीतल्याच स्टॅनली फिशर या प्राध्यापकाचे विद्यार्थी, आणि फिशर स्वतः 1994 ते 2001 आयएमएफमध्ये नंबर दोनला. सोयरीक जुळवताना एवढं सगोत्र निघालं असतं तर आज्जी पत्रिका ठेवून उठली असती.

माणसं हुशार आहेत, वादच नाही. पण सगळे एकच मॉडेल शिकून आले की 'हा आकडा आला कुठून' असं विचारणार कोण? सरकारने खर्च एक रुपयाने कापला तर जीडीपी साधारण 50 पैशांनी घटेल, असं आयएमएफच्या 2010 च्या सुमाराच्या अंदाजांत धरलेलं दिसतं. त्याच काळात कर्जाच्या बदल्यात ग्रीसवर खर्चकपात लादली. 2012 मध्ये ब्लांशारच्याच टीमने सांगितलं की फटका 90 पैसे ते 1 रुपया 70 पैसे इतका होता, आणि तोवर तिकडे कामाला लागू शकणाऱ्या चौघांतला एक बेकार. बाहेरचे लोक कधीपासून ओरडत होते हो, पण घरच्याने कागदावर मांडलं तेव्हा कुठे चर्चा. 2008 चा जागतिक आर्थिक क्रायसिस आधी ओळखता आला नाही, त्याबद्दल आयएमएफच्याच इंडिपेंडंट इव्हॅल्युएशन ऑफिसने 2011 मध्ये 'ग्रुपथिंक' (सगळ्यांनी एकसारखाच विचार करणं) म्हणून ठेवलंय, म्हणजे हे काही माझंच डोकं नाही.

गोखले इन्स्टिट्यूटचे अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या गरिबीचा हिशोब मांडला तो इथूनच, पुण्यातून, कोण किती खर्च करतं याच्या सर्व्हेवरून. आज इथली हुशार पोरं एमए झाली की काय करतात, तर तिकडच्याच पीएचडीचे फॉर्म भरतात, कारण आत जायचं दार तिथूनच आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.