डोळ्यांचं ठिबक

कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायची तर आधी गावची हवा बघावी आणि मग नंबर, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्यामुंबईच्या मुली व्हिडिओ करतात, घातल्याचं कळतपण नाही, दिवसभर फ्रेश वगैरे, तर त्यांनी एकदा मे महिन्यात दुपारी दोन वाजता स्कूटीवर जळगाव ते भुसावळ यावं. पारा ४५ च्या पुढे, तोंडाला स्कार्फ, वरून गॉगल, तरी बाजूच्या फटीतून गरम वारा आत येतोच, आणि पापणी मिटली की ती लेन्सवरून सरकायच्या ऐवजी अडकते. आपण लेन्स घातलीय हे तेव्हा चांगलंच कळतं.

आता यात गंमत अशी की सॉफ्ट लेन्स म्हणजे मुळात पाणी धरून बसलेलं प्लास्टिक. साध्या हायड्रोजेल लेन्समध्ये ३८ टक्क्यांपासून ५५ टक्के आणि त्याहूनही जास्त पाणी असतं. दुकानात गेलं की काउंटरवरचा मुलगा सांगतो, ताई ही घ्या, यात पाणी जास्त आहे, आपल्या उन्हाळ्यात बरी पडेल. ऐकायला पटतं. पण होतं उलटंच, जास्त पाण्याची लेन्स कोरड्या हवेत लवकर सुकते आणि सुकली की डोळ्यातल्या पाण्यावर हक्क सांगायला लागते, म्हणजे आधीच दुष्काळ त्यात हिचा उपसा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सिलिकॉन हायड्रोजेल आलं, त्यात पाणी बहुतेक वेळा कमी पण हवा जास्त आरपार जाते. हवेचा मुद्दा महत्त्वाचा आहे कारण आपलं बुबुळावरचं पारदर्शक पटल, म्हणजे कॉर्निया, त्याच्यात रक्तवाहिन्याच नाहीत, असत्या तर आरपार दिसलं नसतं, मग त्याला ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः बाहेरच्या हवेतून. आपण त्याच्यावर झाकण घालून वर पापणी मिटून झोपतो, मग सकाळी डोळे लाल झाले म्हणून कुलरला शिव्या देतो. कुलरचाही थोडा दोष असतो म्हणा, तोंडावर सोडलेला असला तर.

आमच्या जळगावने अख्ख्या देशाला शेतीचं ठिबक शिकवलं, तेच डोळ्यांनाही लागू आहे, एकदम पाणी मारायचं नाही, थेंब थेंब द्यायचं. फक्त ड्रॉप्स लेन्सवर चालणारे आहेत ना हे बाटलीवर बघून घ्यायचं. घरात पडलेले लाली घालवायचे ड्रॉप्स चालत नाहीत, त्यातलं प्रिझर्व्हेटिव्ह सॉफ्ट लेन्स शोषून घेते आणि मग तेच दिवसभर डोळ्याला लागत राहतं.

हे सगळं परत उजळणीला आलं ते भाचीमुळे. चोपड्याला भाऊ असतो, त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय. मायनस पाचचा चष्मा, सातवीपासून लागलेला, आणि सासरकडून कोणी काही म्हटलेलं नसताना वहिनीने परस्पर ठरवून टाकलं की लग्नाच्या फोटोत चष्मा नको. नवरदेवाला हिच्यापेक्षा जाड चष्मा आहे, त्याच्या फोटोची काळजी कोणालाच नाही. पण भाचीलाही हौस होती, मग मीच म्हटलं जळगावला ये, नीट डॉक्टरकडे जाऊ, असं दुकानातून मायनस पाच द्या म्हणून आणायची वस्तू नाही ती.

आई, म्हणजे तिची आजी, सोबत आलेली. तिने डबीत बघितलं आणि म्हणाली, "पोरी, डोयामा काच टाकस का कोनी?"

आजीचं अगदीच चुकीचं नव्हतं. सुरुवातीला खरंच काचच टाकत होते. १८८० च्या दशकात झुरिकला आडोल्फ फिक नावाचा डॉक्टर होता, त्याने बुबुळच काय डोळ्याचा पांढरा भागपण झाकेल एवढी मोठी काचेची लेन्स केली, खाली द्राक्षसाखरेचं पाणी भरायचं आणि मग घालायची, काही तासांच्या वर सहन व्हायची नाही. आधी सशांवर बसवून बघितली. हे मी आजीला सांगितलं तर तिने विचारलं सशांचा नंबर किती होता.

पण मला खरा आवडतो तो नंतरचा माणूस, ओट्टो विख्तरले, प्रागचा केमिस्ट. राजकीय कारणावरून त्याला कॉलेजातून काढलं होतं, पाण्याने फुगणाऱ्या मऊ प्लास्टिकवर त्याचं काम चाललेलं, पण त्याची सुबक लेन्स काही बनेना. मग १९६१ च्या ख्रिसमसला त्याने घरातच मुलांच्या मेर्कुर नावाच्या खेळण्यातले पत्रे-स्क्रू जोडले, सायकलचा डायनॅमो लावला आणि गरगर फिरणाऱ्या साच्यात ते द्रव सोडलं. फिरताना ते आपोआप लेन्सच्या आकारात पसरलं आणि तसंच घट्ट झालं. पुढे यंत्र मोठं झालं तेव्हा डायनॅमो पुरेना, म्हणून ग्रामोफोनची मोटर लावली. पेटंटचे हक्क तिथल्या सरकारी अकादमीने अमेरिकेला विकले, १९७१ ला तिकडे सॉफ्ट लेन्स बाजारात आली, त्याच्या हातात मात्र फार थोडं पडलं. प्लास्टिकच्या चटया करणाऱ्या आमच्या एमआयडीसीत हे कोणालाही सांगा, लेन्सशी देणंघेणं नसलं तरी डायनॅमोपाशी डोळे चमकतात.

तर डॉक्टरकडे. इथे वहिनीला पहिला आनंद झाला, चष्म्याचा नंबर मायनस पाच आणि लेन्सचा लिहून दिला मायनस पावणेपाच. "बघा, उतरला नंबर!" उतरला वगैरे काही नाही, चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते, लेन्स थेट डोळ्यावर बसते, तेवढ्या अंतराचा हिशोब आहे तो. नंबर चारच्या आत असला तर फरक पडत नाही, त्याच्यावर गेलं की धरावा लागतो. सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसल्यामुळे लागलेला नंबर, मोठा असला तर टोरिक लेन्स लागते, ती डोळ्यात फिरू नये म्हणून तिची जाडी मुद्दाम कमी-जास्त केलेली असते, भाचीला ती भानगड नव्हती.

मग फिटिंग. लोकांना वाटतं नंबर जुळला की झालं, पण डोळ्याची गोलाई प्रत्येकाची वेगळी. पाकिटावर बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सच्या आतल्या गोलाईचं माप, लिहिलेला असतो, ८.४, ८.६ असा, शेजारी व्यास, १४ मिलिमीटरच्या आसपास. डॉक्टरांनी ट्रायल लेन्स घातली, पंधरावीस मिनिटं बसवून ठेवलं, मग स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या दुर्बिणीवर, हनुवटी ठेवून डोळे मिचकवायला सांगितले. मिचकवलं की लेन्स किंचित हलायला पाहिजे. अजिबात हलली नाही तर घट्ट, खालून पाणी खेळत नाही, आणि भलतीकडे पळाली तर सैल. म्हणून मैत्रिणीच्या उरलेल्या बॉक्समधली एक जोडी, नंबर सेम आहे गं, हा प्रकार करू नये. आजीने विचारलं की सरकत सरकत मागे मेंदूत गेली तर. जात नाही, पापणीच्या आतलं पातळ पटल मागे वळून डोळ्यालाच जोडलेलं असतं, रस्ता तिथेच बंद.

घालायला शिकवणं हे पेशन्सचं काम. उजवी नेहमी आधी, म्हणजे अदलाबदल होत नाही. बोटाच्या टोकावर धरून बाजूने बघायचं, कड सरळ वर गेलेली असली तर बरोबर, बाहेर पसरलेली दिसली तर उलटी. भाचीच्या पापण्या आधी जाम ऐकेनात, मग एकदा बसली आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधली चतुर्थी तिने मोठ्याने वाचून दाखवली.

आता खानदेशातला खरा विषय, मिरची. नंदुरबारची लाल मिरची, तव्यावरचा हिरवा ठेचा, शेवभाजीचा रस्सा, आणि हे सगळं आपण बोटांनी खातो, त्याच बोटांनी रात्री लेन्स काढायची. मिरचीचा तिखटपणा पाण्याने जात नाही, तो तेलात विरघळतो. म्हणून आधी बोटांना खायचं तेल चोळायचं, मग साबणाने दोनदा स्वच्छ धुवायचं, कारण तेलाचा अंशही लेन्सला चालत नाही, आणि मग तंतू न सुटणाऱ्या कपड्याला पुसायचं, टॉवेलचे तंतू नकोत. मी तर मसाला कुटायचा किंवा ठेचा करायचा असला की सरळ चष्म्यावर असते. उलट कांदा चिरायला लेन्ससारखं सुख नाही, कॉर्निया झाकलेला, किलोभर चिरा, डोळ्यातून टिपूस नाही. भरीत पार्टीला शेतात पऱ्हाट्यांवर वांगी भाजत असतात तेव्हा मी त्याच हिमतीवर पुढे जाऊन बसते, पण धुराला ही युक्ती चालत नाही, लेन्सच्या कडेला चुरचुरायला लागतं.

आणि पाणी. म्हणजे पाण्याने भरलेली वस्तू, पण तिला पाणी लावायचं नाही, हे घरातल्या कोणालाच पटत नाही. आमच्याकडे नळाला पाणी रोज कुठे येतं, आलं की टाकी, पिंप, हंडे सगळं भरून ठेवायचं, आणि साठवलेल्या पाण्यात अकॅन्थअमिबा नावाचा जीव आरामात राहतो. नळात, विहिरीत, मातीतही असतो, एरवी आपल्याला काही करत नाही, पण लेन्सखाली शिरला तर कॉर्निया पोखरतो, दुखणं भयंकर आणि उपचार महिनोन्‌महिने. उकळलेलं, फिल्टरचं, जारचं, कुठलंच नाही. शिवाय साध्या पाण्यात लेन्स फुगते आणि डोळ्याला चिकटते. अंघोळ लेन्स काढून, आणि उनपदेवच्या गरम कुंडात उतरायचं असेल तर तिथेही काढूनच. "मंग त्याले पानी बी नई लावानं?" आजी म्हणाली, आणि सगळे पावसाळे बघितल्यासारखा चेहरा केला.

सोल्युशनच लावायचं, तेही सलाइन नाही. मेडिकलवाला कधीकधी सलाइनची बाटली पुढे करतो, त्याने फक्त धुतलं जातं, जंतू मरत नाहीत. बाटलीवर नो रब लिहिलं असलं तरी तळहातावर घेऊन बोटाने चोळायची. डबीतलं कालचं सोल्युशन ओतून टाकायचं, त्यातच थोडं नवीन घालून भागवायचं नाही, डबी उपडी वाळवायची आणि तीन महिन्यांनी फेकायची. इथे आपला काटकसरी स्वभाव आडवा येतो. महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट फोडल्यापासून महिना, मी पाचच वेळा घातली म्हणून अजून पंचवीस दिवस उरले असा हिशोब नसतो, पण तो हिशोब करणारी मंडळी माझ्याच ऑफिसात आहेत.

एका गोष्टीवर मात्र मी भांडले. पार्लरवाली ब्रायडल पॅकेजमध्ये रंगीत लेन्स देते, ग्रे किंवा हेझल, फ्री. कोणाच्या डोळ्यातून निघून आलीय, कशात बुडवून ठेवलीय, बेस कर्व्ह काय, काही पत्ता नाही. नुसत्या शोभेच्या, बिननंबरच्या लेन्सलाही डोळे तपासूनच घ्यावं लागतं. वहिनीला ग्रे डोळ्यांचा मोह होता. मी म्हटलं नवरदेव ओळखणार नाही, मग गप्प बसली.

शेवटी भाचीसाठी रोजच्या रोज फेकायच्या डेली लेन्स घेतल्या. लग्न मे महिन्यातलं, हॉलमध्ये एसी, बाहेर जाळ, मध्येच होमाचा धूर, अशात डबी-सोल्युशनचा खटाटोप कोण करेल. लेन्स मेकअपच्या आधी घालायची, रात्री आधी लेन्स काढायची आणि मग मेकअप पुसायचा, हा क्रम मी करवलीकडून पाठ करून घेतलाय. डोळा लाल झाला, दुखला, अंधूक दिसलं तर फोटो गेला खड्ड्यात, लेन्स काढून टाकायची आणि डॉक्टरला फोन. जास्तीची एक जोडी आणि ड्रॉप्स करवलीच्या पर्समध्ये. चष्मा कोणाकडे ठेवायचा यावर मात्र वाद झाला, वहिनी म्हणे रूमवर राहू दे, मी म्हणे मांडवात पाहिजे, मायनस पाचवाली मुलगी सप्तपदीला चाचपडत चालेल. मग आजीच म्हणाली, "चष्मा मनाकडे दी ठेवा, तुमना भरोसा नई."