साखर सोडलीस, मग आता चहात काय घालतेस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, कारण हे मला नात्यातल्या काकूंपासून ऑफिसातल्या पोरांपर्यंत सगळेच विचारतात. गूळ घालतेस की स्टीव्हिया (गोड पानांपासून काढलेला साखरेचा पर्याय)? काहीच नाही घालत. यावर कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणून जरा सविस्तर.

आधी गुळाचं. गूळ मला आवडतो, आमटीत तर हवाच, पण "गूळ चालतो हो" हे काही खरं नाही. १०० ग्रॅम साखरेत साधारण ४०० कॅलरी, गुळात साधारण ३८०, आणि गुळातही मुख्य ऐवज सुक्रोजच, म्हणजे साखरच. लोह असतं थोडं, पण लोहासाठी गूळ खायचा तर आधी साखर किती पोटात जाईल ते बघा. खडीसाखर, ब्राऊन शुगर, मध, सगळे त्याच घरातले. डायबेटिसवाल्या काकांना "गुळाचाच आहे, घ्या" म्हणत लाडू वाढणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

मग साखरेऐवजी चहात टाकायच्या त्या बारक्या गोळ्या, अ‍ॅस्पार्टेम नाहीतर सुक्रालोज या कृत्रिम गोडीच्या. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या साधारण २०० पट गोड, सुक्रालोज ६०० पट, म्हणून चिमूटभरात काम होतं. जुलै २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेमने कॅन्सर होतो अशी बोंब उठली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता धुमाकूळ, पण तेव्हा ते 'शक्यता आहे, पुरावा मर्यादित' अशा गटात टाकलं होतं, आणि रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ४० मिलिग्रॅम होती ती तशीच ठेवली, म्हणजे चहातल्या एखाद्या गोळीने घाबरायचं कारण नाही. मला महत्त्वाची वाटते ती त्याच वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट, जिची कुणी बोंब मारली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला हे पर्याय वापरू नका, लांबच्या पल्ल्यात त्याचा फायदा दिसत नाही. हा सल्ला आधीपासून डायबेटिस असलेल्यांसाठी नव्हता, त्यांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारायचं, मला नाही.

स्टीव्हिया घेऊन बघितलं. मागे जिभेवर ज्येष्ठमधासारखी चव रेंगाळते, आल्याच्या चहात तर ती फारच पुढे येते. आणि स्वयंपाकात या कशाचाच पाक होत नाही! रव्याच्या लाडवाला एकतारी पाक लागतो, बोटांच्या चिमटीत धरून ताणला की तार यायला हवी, ती तार साखरेची असते, नुसत्या गोडीची नाही. साखरांबा टिकतो तोही साखरेमुळेच. त्यामुळे 'शुगर फ्री मिठाई' दिसली की मी आधी डबा उलटा करून बघते, बऱ्याचदा आत मैदा, तूप आणि माल्टिटॉल नावाचा साखरेचा आणखी एक पर्याय, आणि ते माल्टिटॉल जास्त खाल्लं की पोट बिघडतं ते वेगळंच.

मी केलं ते एवढंच की चहातली साखर दोन चमच्यांवरून दीड, मग एक, मग अर्धा, मग काहीच नाही, असं रेंगाळत रेंगाळत खाली आणली. प्रत्येक वेळी थोडे दिवस चहा पाणचट लागतो, मग लागत नाही. गोळी टाकली असती तर जिभेला तेवढंच गोड लागत राहिलं असतं, मग सवय मोडणार कशी? खरी पंचाईत टपरीवर होते, तिथे साखर घालूनच उकळतात, "कमी साखर" म्हटलं तर तो आपल्याकडे बघतो फक्त. तिथे मी कोरी कॉफी घेते, नाहीतर सरळ तोच गोड चहा कटिंग.

आणि हो, कोल्ड्रिंक. ३०० मिलीच्या कोलात तीसेक ग्रॅम साखर असते, म्हणजे सहासात चमचे. चहातला अर्धा चमचा मोजत बसण्याआधी ते बंद करा. श्रीखंड मात्र मी साखरेचंच खाते, वाटी लहान घेते.