मग आता कॉलेजचं नाव काय झालं?

आमचं बिऱ्हाड ब्राँक्समध्ये, मॉरिस पार्कात. आइनस्टाइन मेडिकल कॉलेज चालत दहा मिनिटांवर. न्यूयॉर्क म्हटलं की सिनेमात दिसतो तो झगमगाट इकडे नाही. राज्यातल्या सगळ्यात गरीब भागांत ब्राँक्सची गणना होते. दमा आणि मधुमेह घरोघरी.

२६ फेब्रुवारी २०२४ ला या कॉलेजात ९३ वर्षांच्या डॉ. रूथ गॉट्समन मुलांसमोर उभ्या राहिल्या आणि सांगून टाकलं, ऑगस्टपासून इथे कुणालाच ट्यूशन फी नाही. पोरं किंचाळत उठली, कुणी रडायला लागलं. तो व्हिडिओ तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला असेल. फी होती वर्षाला ५९ हजार डॉलरच्या वर, म्हणजे तेव्हाच्या भावाने ४९ लाख रुपये. जवळजवळ निम्मी मुलं दोन लाख डॉलरहून जास्त कर्ज डोक्यावर घेऊन बाहेर पडायची.

देणगी त्यांचीच, एक अब्ज डॉलरची. बाई १९६८ पासून याच कॉलेजात. ज्या मुलांना लिहा-वाचायला जड जातं त्यांच्यावर काम केलेलं. यजमान डेव्हिड हे वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीतले अगदी सुरुवातीचे गुंतवणूकदार. २०२२ मध्ये ते गेले, शेअर्स मागे ठेवून. तुला योग्य वाटेल ते कर, एवढंच सांगून.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. आम्ही मुंबईतल्या परळचे. तिचा पहिला प्रश्न, "मग आता कॉलेजचं नाव काय झालं?"

तिचंही बरोबर आहे. केईएम हॉस्पिटलला लागून जी. एस. मेडिकल, म्हणजे शेठ गोरधनदास सुंदरदास. नायर हॉस्पिटलच्या कॉलेजला टोपीवाला. भायखळ्याच्या हॉस्पिटलला जमशेटजी जीजीभॉय. नाव लागणार हे तिने धरूनच चाललेलं. पण गॉट्समनबाईंची अटच होती की नाव बदलायचं नाही. आइनस्टाइन असताना आणखी कशाला, असं त्यांचं म्हणणं. खुद्द आइनस्टाइननी १९५३ मध्ये, ७४ व्या वाढदिवशी, नाव वापरायला होकार दिला होता.

अट म्हटल्यावर मला जी. एस. आठवलं. गोरधनदासांच्या विश्वस्तांनी पैसे देताना अट घातली होती, शिकवणारे सगळे भारतीयच हवेत, आणि तेही सरकारी नोकरीतले नकोत. इंग्रजांच्या राज्यात! कॉलेज १९२६ ला उघडलं. नाव तर लागलंच, पण खरी देणगी ती अट होती, असं मला वाटतं.

आईचा दुसरा प्रश्न मात्र मला अडकवून गेला. "बाँड नाही लिहून घेतला?"

नाही. आपल्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर वर्षभर सेवा करावी लागते, तसलं इथे काही नाही. फुकट शिकून उद्या मॅनहॅटनमध्ये नाकं सरळ करत बसलात तरी कुणी विचारणार नाही. आणि माफ झाली ती फक्त फी. खोलीभाडं, खाणं ज्याचं त्याचं.

आमच्या वरच्या मजल्यावर तिथलाच एक मुलगा राहतो. बालरोग घ्यायचं म्हणतो. ब्राँक्समध्येच राहणार का, विचारलं तर म्हणाला, "आधी पास तर होऊ द्या, काका."