जोतिबाच्या डोंगरावरचे चार मिलिमीटर

कोल्हापूर शहरातली एक गच्ची आणि जोतिबाच्या डोंगरावरच्या एका लॉजची गच्ची, यांच्यातली ५.८ गिगाहर्ट्झची बिनतारी रेडिओ लिंक. सरळ रेषेत अंतर साडेअकरा किलोमीटर. दोन्ही टोकांना ६५ सेंटिमीटर व्यासाची, ३० डीबीआय गेनची, म्हणजे सिग्नल एकाच दिशेला तेवढा एकवटणारी डिश. चैत्र यात्रेत लिंक शंभर एमबीपीएसच्या वर बिनतक्रार चालली. मे महिन्यात वळवाचा तडाखा बसला आणि ती बंद पडली. कोणीतरी फोनवर बोलत बोलत डिश हलवून ती पुन्हा सुरू केली, पण वेग दहा-पंधराच्या पुढे जाईना.

कारण सगळ्यांनी एकच सांगितलं: पाऊस. पण आम्ही डोंगरावर पोचलो तेव्हा आभाळ कोरडं होतं आणि सिग्नल उणे ८२ डीबीएमच होता (उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर). या फ्रिक्वेन्सीला एवढ्या अंतरात साधा पाऊस दोन-तीन डीबीच खातो (दर दहा डीबीला ताकद दहापट बदलते).

म्हणून आधी कागदावर हिशेब मांडला. साडेअकरा किलोमीटरला मोकळ्या हवेतली घट साधारण १२९ डीबी. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात परवान्याशिवाय डिशमधून जास्तीत जास्त ३६ डीबीएम सोडता येतात. त्यामुळे ३० च्या डिशमागे रेडिओची पॉवर ६ वरच ठेवावी लागते. ३६ वजा १२९, अधिक समोरच्या डिशचे ३०, म्हणजे उणे ६३. मिळत होते उणे ८२. तूट १९ डीबीची, म्हणजे ताकद जवळपास ऐंशी पट कमी.

हा आकडा मनात खटकला. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं असतं तर सहसा उभ्या किंवा आडव्या पोलरायझेशनपैकी, म्हणजे लहरींच्या कंपनाच्या दोन दिशांपैकी, एकच चॅनेल पडला असता. इथे दोन्ही सारखेच पडले होते. मधे नवी इमारत आली असेल म्हणून दुर्बिणीतून पाहिलं. शहराकडच्या गच्चीपासून तीनशे मीटरवर फ्रेनेल झोनची, म्हणजे सिग्नलसाठी मोकळ्या लागणाऱ्या लांबट पट्ट्याची त्रिज्या जेमतेम चार मीटर असते, आणि तिथलं सगळं त्याच्या बरंच खाली होतं. उरली डिशची दिशा. या मापाच्या डिशचा पहिला साइड लोब, म्हणजे मुख्य झोताच्या शेजारची छोटी पाकळी, मुख्य झोतापेक्षा साधारण १८ ते २० डीबी खाली असतो.

लॉजवरचा मुलगा मात्र ठाम होता. ‘वळवानं पत्रं उडालं, पर डिश जाग्यावरच हाय बघा.’ लांबून तशीच दिसत होती. जवळ जाऊन पाईप पाहिला आणि उत्तर तिथेच होतं. यात्रेतला गुलाल जस्ताच्या थरावर आणि क्लॅम्पच्या कडेला घट्ट चिकटला होता, पण क्लॅम्पच्या एका बाजूला स्वच्छ, चकचकीत पट्टी उघडी पडली होती. तिची रुंदी फुटपट्टीने मोजली, चार मिलिमीटर. दोन इंची जीआय पाईपचा बाहेरचा व्यास ६० मिलिमीटर, परीघ १८९. चार मिलिमीटर म्हणजे साधारण आठ अंश. आणि या डिशचा मुख्य झोत सगळा मिळून पाचेक अंशांचा.

फोनवर दिशा लावणारा माणूस चुकला कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. साइड लोबलाही स्वतःचं शिखर असतं. तिथून डिश डावीकडे हलवली तरी सिग्नल पडतो, उजवीकडे हलवली तरी पडतो. समोर आकडे असे दिसले की हेच शिखर, असं कोणालाही वाटेल. दोन पाकळ्यांमधल्या खोल दरीच्या पलीकडे जायचं धाडस केलं तरच खरं शिखर दिसतं.

शहराकडची डिश आम्ही हात न लावता तशीच ठेवली. दोन्ही टोकं एकदम हलवली की काहीच कळत नाही. डोंगर शहरापेक्षा उंच असल्यामुळे इथली डिश दोनेक अंश खाली झुकवलेली होती. तो बोल्टही सोडला नाही. फक्त आडव्या दिशेचा नट सैल केला, पाईपवर कागदी टेप गुंडाळून त्यावर दर अंशाला, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरला, एक खूण केली आणि एकेक खुणेवर दहा सेकंद थांबून आकडा लिहिला. उणे ८२, ८४, ८९, मग उणे ९२ ला लिंकच तुटली. तरीही डिश तशीच पुढे नेत राहिलो. ७८, ७०, ६५, ६३. शिखराचा माथा सपाट असतो, म्हणून जास्तीत जास्त आकड्यावर विश्वास न ठेवता दोन्ही बाजूंना सिग्नल तीन डीबी उतरतो त्या खुणा शोधल्या आणि बरोबर मध्यावर नट आवळला. दोन्ही चॅनेल उणे ६३ आणि ६४.

वर जायच्या आधी पॉवर ६ वरून २५ करा, असाही सल्ला मिळाला होता. त्याने आकडा बरोबर उणे ६३ आला असता आणि दोष तसाच झाकला गेला असता. शिवाय ते बेकायदा, आणि मुख्य झोत भलतीकडेच वळलेला असल्याने तिथल्या लोकांच्या लिंकवर सगळा गोंगाट.

आता क्लॅम्प परत फिरू नये हे पाहायचं होतं. ताशी १०० किलोमीटरचा वारा एवढ्या डिशला साधारण २० किलोच्या जोराने ढकलतो, आणि डिश पाईपच्या पुढे बसलेली असल्याने ती फिरायलाच बघते. जुना क्लॅम्प गुळगुळीत होता. दातेरी जबड्याचा लावला, स्प्रिंग वॉशर घातले आणि खालच्या क्लॅम्पमधून पाईपला आरपार बोल्ट मारला. केबलला रेडिओखाली झोळ दिला, म्हणजे पाणी कनेक्टरमध्ये न जाता तिथूनच ठिबकेल. पाईप आणि क्लॅम्प दोन्हींवरून जाणारी एक लाल रंगाची रेघ ओढली. पुढच्या वळवानंतर त्या मुलाने खालूनच पाहायचं, रेघ तुटली का.